‘युज्ड टू’ अडतंय? वाक्य आधी मराठीत म्हणा

साताऱ्यात मुलाखतीची तयारी करणारी बरीच मुलं इंग्रजीतल्या ‘युज्ड टू’पाशी (used to) हमखास अडखळतात. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा.

१. शेवटी ‘जायचो, करायची’ असं आलं, म्हणजे आता सुटलेली गोष्ट, तर पुढे साधं क्रियापद. ‘मी राजवाड्यापर्यंत चालत जायचो’ : ‘आय युज्ड टू वॉक टू राजवाडा.’

२. ‘सवय आहे’ आलं तर आधी ‘ॲम, इज, आर’ हवंच, आणि क्रियापदाला ‘आयएनजी’. ‘मला अजिंक्यतारा चढायची सवय आहे’ : ‘आय ॲम युज्ड टू क्लाइंबिंग अजिंक्यतारा.’ खरी चूक इथेच होते, नुसतं ‘क्लाइंब’ तोंडात येतं. हे वाक्य पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणाच.

पहिल्या प्रकारात ‘डिड’ लावून प्रश्न लिहिताना मात्र ‘युज्ड’चा शेवटचा ‘डी’ गाळायचा.