आयर्लंडमधील मिस्साची शिळा कशी ओळखावी

१६९७ च्या कायद्याने बिशप व मठवासी धर्मगुरू हद्दपार झाल्यावर आयर्लंडमधील खेडूत कॅथलिक ज्या उघड्या शिळांवर मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करवून घेत, त्यांच्या शोधाची सुरुवात ‘मास रॉक’ (मिस्साची शिळा) अशी नोंद असलेल्या सर्वेक्षण-नकाशांपासून करावी. जागेवर गेल्यावर रस्त्यावरून न दिसणारी खोलगट जमीन, सपाट माथ्याची शिळा आणि पहारेकऱ्याला दूरवर नजर ठेवता येईल असा उंचवटा पाहावा. क्रूस प्रत्येक शिळेवर कोरलेला नसतो. झिजलेली रेघ शोधताना खडूने न घासता विजेरीचा प्रकाश तिरका टाकावा. शिळा खाजगी शेतात असल्यास परवानगी घ्यावी आणि गावातील वृद्धांना अवश्य विचारावे. धर्मगुरूंच्या पाठलागाच्या कथा मात्र पारखूनच घ्याव्यात, कारण कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी नव्हती.