फिट असल्याचा दाखला आणि बाकीची तयारी

मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशननंतर कामावर परत रुजू व्हायची तारीख ठरवायच्या आधी फिटनेसचा दाखला हातात घ्या आणि दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनच तो वाचून काढा. माझ्या पहिल्या दाखल्यावर एवढंच होतं: कामास योग्य. डॉक्टरांच्या बाजूनं ते बरोबरच होतं, जखम भरली होती, स्कॅन स्वच्छ होता. पण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, कामास योग्य म्हणजे तिन्ही पाळ्यांना योग्य. ऑफिसनं दुसऱ्याच आठवड्यात माझं नाव रात्रपाळीला घातलं. मेंदूच्या ऑपरेशननंतर झोपमोड झाली की आकडी यायचा धोका वाढतो, हे ऑफिसला कुठून ठाऊक असणार? पुन्हा जाऊन दुसरा दाखला आणला. त्यावर एकेक गोष्ट लिहून घेतली: रात्रपाळी नको, शिडीवर चढणं नको, भट्टीजवळ आणि चालत्या मशीनवर एकट्यानं काम नको, दुचाकी नको, पहिले चार आठवडे रोज चार तास, मग फेरतपासणी. आपल्याकडं एकाच शब्दाचे दोन अर्थ, ‘फिट’ असल्याचा दाखला आणि ‘फिट’ येऊ नये म्हणून गोळी. दाखल्यात दोन्हींची सोय झालेली असावी.

कागदांचं आणखी थोडं आहे, तेही उरकून टाकू. डिस्चार्ज कार्ड, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आणि सुट्टीचे अर्ज, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. ई.एस.आय., म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर आजारपणाचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या ७० टक्क्यांनी मिळतो. त्यांच्या दाखल्यांत मधल्या एकाही दिवसाची फट राहू देऊ नका. शासकीय नोकरीत असाल आणि ऑपरेशननंतर अपंगत्व उरलं असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून ठेवा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. आम्हा खासगीवाल्यांना एवढा आधार नाही. आमचं बरंचसं मालकाच्या स्वभावावर असतं.

माझी गाठ मेनिन्जिओमाची. मेंदूच्या आवरणातून वाढते आणि बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागं होती. कवटीचा तुकडा काढून तो टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रूंनी परत बसवला. तीन महिन्यांनी मी स्टोअरमध्ये हजर झालो. तुमचं दुखणं वेगळं, मेंदूतली जागा वेगळी, तर यातलं काही गाळावं लागेल आणि काही नव्यानं घालावं लागेल.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो घरच्या रंगीत तालमीला. मी दिला नाही, म्हणून सांगतोय. चालता येतंय, बोलता येतंय, रंकाळ्याला अख्खी फेरी होतेय, म्हणजे झालं असं मला वाटलं. पण स्टोअरकीपरचं काम पायांचं नाही, कानाचं आणि आकड्यांचं आहे. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो लागला. पोरगं ओरडलं, “अडुसष्ट नग!” मी आवक रजिस्टरला लिहिले ८६. मराठीत आठ आधी ऐकू येतो आणि साठ मागून येतात. आयुष्यभर ही उलटापालट डोकं आपसूक करत होतं, आता ती मुद्दाम करावी लागत होती. आणि ‘एकोणसत्तर’ म्हटलं की तर बघायलाच नको, सत्तरातून एक वजा करेपर्यंत पुढचा आकडा आलेला असायचा. अठरा नगांचा फरक संध्याकाळी मोजणीत निघाला. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हा रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी आपलंच काम घरी करून बघा. मी नंतर केलं ते असं: बायको जुन्या चलनावरचे आकडे नेहमीच्या वेगानं वाचायची, शेजारी टीव्ही चालू, आणि मी लिहायचो. पहिल्या दिवशी वीसात सात चुकले. शिक्षक असाल तर घरच्या पोरांना अर्धा तास शिकवून बघा, दुकान असेल तर सुट्टे पैसे मोजून परत द्या. गोंगाट हवाच, कारण शांत खोलीत सगळं जमतं. कुठं चुकतंय ते कळलं की उपाय साधा निघतो. माझ्या टेबलावर आता पुठ्ठा आहे: अंक सुटे सांगा. टेम्पोवाली पोरं “सहा आठ” म्हणतात आणि मी परत म्हणून दाखवतो.

तालमीतच कामाच्या वेळेला बसचा प्रवासही एकदा करून बघा. शिवाजी पेठेतून केएमटीनं शिरोली म्हणजे गर्दी, ब्रेक आणि कर्णे. मी पहिल्यांदा उतरलो तो थेट घरीच परत आलो.

थकव्याबद्दल सगळे बोलतात, पण तो कसा येतो हे कुणी सांगत नाही. नेहमीचा थकवा हळूहळू चढतो. हा मात्र वीज तुटून भट्टी ट्रिप झाल्यासारखा येतो. आत लोखंड लाल असतं, पण ओतता येत नाही. शब्द आठवत नाहीत, चिठ्ठीवरची अक्षरं पोहायला लागतात. माझी ती वेळ साधारण पावणेबाराची. म्हणून अकराला वीस मिनिटं डोळे मिटून बसायची परवानगी आधीच मागून ठेवली, आणि जागाही ठरवली. फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासायच्या विभागाच्या, भिंतीला लागून नको, ग्राइंडरचा आवाज थेट कवटीतल्या स्क्रूत घुसतो. पॅटर्नच्या, म्हणजे साच्यांच्या लाकडी नमुन्यांच्या, खोलीत लाकडाचा वास असतो आणि शांतता. सुरुवात आठवड्याच्या मधेच करा. आमच्या कारखान्याला सोमवारची सुट्टी, मी शनिवारी रुजू झालो आणि दोन दिवसांत विसावा मिळाला.

हेल्मेट घरी आणून घालून बघा, यावर कुणीच बोलत नाही. सेफ्टी हेल्मेटच्या आतला पट्टा माझ्या बरोब्बर टायटॅनियमच्या पट्टीच्या कडेवर बसायचा. वर टाक्यांची जागा बधिर, त्यामुळं दुखत नाही. टोपी काढल्यावर तिथं लाल वळ दिसतो. सर्जनना फोटो दाखवला, त्यांनी पट्टा दोन खाचा वर सरकवायला सांगितला. आईच्या जुन्या नऊवारीचं मऊ कापड आत दुमडून लावलं. गोदरेजच्या कपाटाच्या आरशात हेल्मेट घालून उभा असताना बायको म्हणाली, “वधूपरीक्षा चाललीय जणू.” जखमेतून पाणी आलं, नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागलं, ताप आला, किंवा डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या सुरू झाल्या, तर मात्र आरशासमोर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळ्यांचं वेळापत्रक पाळीला जुळवून घ्या. माझी आकडी रोखायची गोळी, लेव्हेटिरासिटाम, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांच्या अंतरानं. एक पट्टी खिशात, एक टेबलाच्या खणात, गजर मोबाइलवर. मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर आकडी येऊ शकते. या गोळीनं चिडचिड होऊ शकते. मी एकदा चलनावर सही नाही म्हणून लोडरच्या अंगावर असा धावून गेलो, की त्याच्यापेक्षा मीच घाबरलो. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मात्रा बघून घेतली. आणि आषाढ लागायच्या आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घेऊन ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता. पूर काही आपल्या गोळीची वेळ बघून येत नाही.

आता सोबतच्यांना सांगायचं. सगळ्यांना नको, दोघांना सांगा, पण नीट सांगा. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, टोकदार वस्तू बाजूला सारायच्या, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीमागं दुसरी आली, तर १०८. “कांदा, चप्पल हुंगवायची न्हाई,” असं म्हटल्यावर आमचा हेल्पर गंभीरपणे म्हणाला, “दादा, हितं चप्पल हाय कुठं, सगळे सेफ्टी बुटातच की.” तोच पोरगा माझा नंबर एक. त्याच्या मोबाइलमध्ये घरचा नंबर ‘दादाची वहिनी’ म्हणून आहे.

बाकीच्यांसाठी एक वाक्य पाठ करून जा. गेटवरच सुरू होतं: “काय भावा, डोस्कं उघडलंत म्हणं? काय निघालं आत?” मी म्हणायचो, “गाठ हुती, काढली, आता बरा हाय,” आणि चालत राहायचो. खूण दाखवायची की नाही हे आपण ठरवायचं. मी दोघा-तिघांना दाखवली, पुढं टोपी घातली. रस्सा मंडळाचं बोलावणं आलं तर जा. तांबडा-पांढरा चालेल, ग्लास मात्र आपल्यापुढं नको; दारूचं आणि या गोळ्यांचं जमत नाही.

राहिली दुचाकी. लायसन्सच्या अर्जातल्या नमुना १ मध्ये आकडी किंवा अचानक बेशुद्ध पडणं याबद्दल स्वतःहून लिहून द्यावं लागतं, आणि ते खरं लिहायचं असतं. चालवायची ती डॉक्टर म्हणतील तेव्हा. माझी स्कूटर जिन्याखाली आहे, पोरगं दर सोमवारी किक मारून दहा मिनिटं चालू ठेवतं. मी वर गॅलरीतून आवाज ऐकतो आणि सांगतो, “चोक बंद कर आता.”