जपानीत ‘हो, असेलही’ कसं म्हणायचं

आमच्या सोसायटीतला एक मुलगा परवा लिफ्टमध्ये भेटला. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास झालाय, पुढच्या महिन्यात अंधेरीला एका जपानी कंपनीत रुजू होतोय. म्हणाला, “ताई, व्याकरण येतं हो, पण समोरचा काही बोलला की तोंडातून नुसतं ‘हाइ, हाइ’ निघतं.” त्याला चहा पाजून जे सांगितलं, तेच इथे लिहितेय. (ऽ दिसला की आधीचा स्वर लांबवा.)

‘हाइ’चा अर्थ ‘हो’, पण बऱ्याचदा ते आपलं फोनवरचं ‘हं... हं’ असतं. ऐकतोय, एवढंच. संमती त्यात असेलच असं नाही.

‘सोऽ देस् ने’ मात्र फसवं. झटकन म्हटलं तर ‘हो ना’. लांबवलं, ‘सोऽऽ देस् नेऽऽ’, आणि मान किंचित तिरकी झाली, की ते ‘बघावं लागेल...’ असतं. दुभाषी म्हणून माझ्या पहिल्याच वर्षी पाहुण्यांनी आमच्या दरावर असं लांबवलेलं ‘ने’ काढलं आणि मी आमच्या साहेबांना बिनधास्त सांगितलं, “हो म्हणालेत.” ऑर्डर काही आली नाही. तेव्हापासून मी शब्दाआधी लांबी ऐकते.

आता बोलायचं कसं? इंग्रजीतून विचार करणारी मुलं सुरुवातीला ‘ताबुन’, म्हणजे ‘बहुधा’, टाकतात आणि शेवट ठाम ‘देस्’वर, म्हणजे ‘आहे’वर, आपटतात. मराठीतूनच विचार करा. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, म्हणून मऊपणाही शेपटीतच असतो. ‘आहे’चं ‘असेल’, ‘असेल’चं ‘असेलही’ आपण करतोच की. तसं ‘सोऽ देस्’चं ‘सोऽ कामोशिरेमासेन ने’ होतं. यातल्या ‘शिरेमासेन’चा मूळ अर्थ ‘कळत नाही’. म्हणजे ‘तसं आहे की काय, सांगता येत नाही’. पण मनापासून पटलं असेल तेव्हा हे वापरू नका. आपलं ‘असेल बाई’ कसं थंड वाटतं, तसंच हे वाटू शकतं.

‘इइ तो ओमोइमास्’ तर आपल्याच चालीवर आहे: ‘इइ’ चांगलं, ‘तो’ असं, ‘ओमोइमास्’ वाटतं. त्याला ‘केदो...’ जोडून वाक्य अर्धवट सोडलं, की ‘चांगलं आहे असं वाटतं, पण...’ झालं. पुढचं समोरचा समजून घेतो. पूर्ण करायची घाई नको. आणखी अदबीने हवं असेल तर ‘इइ न् जा नाइ देशोऽ का’, म्हणजे ‘बरं नाही का होणार?’ मत आपलंच, पण प्रश्नाच्या पदरात झाकलेलं.

माझी सगळ्यात आवडती जोडी ‘ताशिका नि... तादा...’. समजा संध्याकाळी सहाला अंधेरीहून ठाण्याला जायचंय आणि जपानी साहेब म्हणतात, टॅक्सीच लवकर पोचेल ना? थेट ‘नाही’ म्हणू नका. “ताशिका नि, हिरुमा वा सोऽ देस् ने,” म्हणा, म्हणजे “खरंय, दुपारी तसंच असतं.” मग श्वास घेऊन: “तादा, यूऽगाता वा देन्शा नो होऽ गा हायाइ कामोशिरेमासेन.” “फक्त, संध्याकाळी ट्रेन लवकर पोचेल कदाचित.” ‘तादा’चा अर्थही ‘फक्त’च, आणि आपणही ‘बाकी ठीक, फक्त...’ म्हणत पुढे अख्खी हरकत मांडतोच. (गाडी बदलायला पाहुण्यांना त्या वेळच्या घाटकोपर स्टेशनच्या गर्दीत न्यावं का, हा वेगळा विषय.)

‘नारुहोदो’ बरोबरीच्यांत ठेवा. वरिष्ठांना म्हटलं तर ‘अच्छा, असं होय’ म्हणत आपणच त्यांची पारख करतोय असं काहींना वाटतं. तिथे ‘ओश्शारु तोऽरि देस्’, म्हणजे ‘आपण म्हणता तसंच आहे’, चालतं; पण ती पूर्ण संमती झाली, अर्धी नव्हे. अर्धीच द्यायची असेल तर ‘सोऽ तो मो इएमास् ने’, म्हणजे ‘तसंही म्हणता येईल’, पण हे सहकाऱ्यांपुरतंच.

आणि कुणी तुम्हाला ‘माएमुकि नि केन्तोऽ शिमास्’, म्हणजे ‘सकारात्मक विचार करू’, असं सांगितलं, तर साहेबांना लगेच ‘हो म्हणालेत’ असं कळवू नका. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणतात ना, बरेचदा त्यातलाच तो प्रकार.