बागेसह तळमजल्याचा फ्लॅट विकताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावी विक्रीला निघणाऱ्या तळमजल्यावरच्या लहान फ्लॅटची जाहिरात बहुधा एकाच वाक्यात असते: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र बाग. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्दच पुढे व्यवहार अडवतो. वरूडकडचा आमचा फ्लॅट विकायला काढला तेव्हा ग्राहकाच्या वकिलांनी आमचे जुने विक्रीपत्र उघडले आणि बागेचा उल्लेख कोणत्या पानावर आहे, एवढेच विचारले. तो कोणत्याच पानावर नव्हता. बिल्डरने बाग तोंडी दिली होती, आम्ही तिला तारेचे कुंपण घातले होते आणि चौदा वर्षे संत्र्याच्या झाडाला पाणी दिले होते, म्हणून ती आमची, एवढाच आमचा आधार होता.

इमारतीभोवती बांधकाम नियमांप्रमाणे सोडावी लागणारी मोकळी जागा ही सहसा सर्व फ्लॅटधारकांची सामाईक जागा असते. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली नोंदलेल्या इमारतीत तिचे घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लरेशन) पाहावे. त्यात ती जागा एखाद्या फ्लॅटसाठी राखून ठेवलेले ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ म्हणून दाखवली असेल, तरच वापराचा स्वतंत्र हक्क ठामपणे सांगता येतो. तशी नोंद नसल्यास लपवाछपवी करण्यापेक्षा नगर परिषदेतून मंजूर नकाशाची प्रत काढावी, वरच्या मजल्यावरील सर्वांची लेखी संमती घ्यावी आणि जाहिरातीत ‘सामाईक मोकळी जागा, सध्या आमच्या वापरात’ असे सरळ लिहावे. या संमतीने मालकी मिळत नाही, परंतु ग्राहकाला आपण नेमके काय घेत आहोत हे कळते आणि भाव करतानाच वाद मिटतो. बागेचे चौरस फूट फ्लॅटच्या दराने गुणून किंमत सांगणे ही याच चुकीची धाकटी बहीण आहे. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या 2016 च्या कायद्यातील चटई क्षेत्राच्या (कार्पेट एरियाच्या) व्याख्येत स्वतःच्या वापराची बाल्कनी आणि खुली गच्चीसुद्धा धरली जात नाही, मग बाग कुठून धरणार?

ग्रामपंचायत हद्दीतील इमारत असेल, तर नमुना 8 चा उतारा पुढे करून ‘कागद साफ आहेत’ असे सांगण्याची सवय सोडावी. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषक परवानगी आणि जमीन नझूलची (गावातली सरकारी) किंवा भोगवटादार वर्ग 2 ची (विक्रीवर सरकारी बंधन असलेली) तर नाही ना, हे विक्रेत्याने ग्राहक येण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

आता भिंतींकडे वळू, कारण आपल्याकडच्या काळ्या मातीत तळमजल्याचे खरे दुखणे तिथेच असते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यातच हौसेने भिंतीला लागून वाफे केले आणि उन्हाळाभर रोज पाणी सोडले, की पायाखालची एक बाजू ओली व दुसरी कोरडी राहते आणि इमारत त्या फरकाने हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बहुधा अशा हालचालीची असते. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या जाळीदार रेषांना तेवढे घाबरू नये. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने तारीख लिहून ठेवली, तर ती वाढते की थांबली आहे हे एका पावसाळ्यात दिसते. विकण्याआधी भेगेत लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे ही यातली सर्वांत महागडी चूक आहे. लोणा (ओलीमुळे येणारा खार) लागलेली भिंत दिवाळीत रंगवली, तर आषाढात पोपडे धरून ती पुन्हा बोलते. वाफे भिंतीपासून तीन फूट तरी दूर न्यावेत, मधल्या पट्ट्यात बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरशी बसवावी, गच्चीवरून येणारा पन्हाळीचा पाइप नालीपर्यंत न्यावा आणि भिंत पूर्ण सुकल्यावरच रंग द्यावा.

बागेखाली काय आहे, हेही सांगून टाकावे. लहान गावांतल्या अनेक इमारतींची संडासाची टाकी नेमकी तळमजल्याच्या बागेत असते. आमच्या मोगऱ्याच्या वाफ्याखाली तिचे झाकण होते. टाकी उपसायची गाडी आली, की नळी आमच्याच फाटकातून जात असे. ग्राहकाला हे ताबा घेतल्यावर कळले, तर तो फसवणूक म्हणणार, आणि ते चूक नाही.

बागेचे फोटो श्रावणातले लावून घर मे महिन्यात दाखवू नये. पंचेचाळीस अंशांत बागेला पाणी कोठून येते, सामाईक बोअरच्या मोटारीचे वीज बिल कोण भरतो, हे ग्राहक पहिल्या दहा मिनिटांत विचारतोच.

इसारपावती करताना रकमेसोबत विक्रीपत्र नोंदवण्याची अंतिम तारीख लिहावी. कुंड्या, कूलरचा स्टँड, पाण्याचे पिंप आणि कुंपणाची तार यांपैकी काय घरासोबत जाणार, याची यादी तिलाच जोडावी. आमच्या व्यवहारात ती नव्हती. ताबा देण्याच्या दिवशी आई कढीपत्त्याची कुंडी उचलायला गेली, तेव्हा नव्या मालकीणबाई कुंडीपाशीच उभ्या होत्या. कुंडी तिथेच राहिली.