संगत मोजायची कशी? व्हिएतनामी किशोरांच्या अभ्यासात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. सिगारेट, दारू, विनाहेल्मेट गाडी अशा जोखमीच्या सवयींमागचा 'सामाजिक प्रभाव' शोधणाऱ्या बहुतेक पहिल्या-वहिल्या प्रबंधांचं गृहीतक एवढंच असतं. बैलांना मालक बांधतो. पोरं मात्र आपली दावण आपणच निवडतात. सिगारेट ओढणारा मुलगा ओढणाऱ्यांतच जाऊन बसला, की त्यांच्यात बसून ओढायला लागला? एकदाच केलेल्या पाहणीतून याचं उत्तर निघत नाही, आणि व्हिएतनामच्या ज्या मोठ्या पाहण्या पुढे दिल्या आहेत, त्यांत प्रत्येक फेरीला मुलं नवी असतात.

आधी हाताशी काय आहे ते बघा. 'सावी' ही घरोघरची युवा पाहणी 2003 मध्ये आणि पुन्हा 2008-09 च्या सुमारास झाली. तिचा वयोगट 14 ते 25 आहे, म्हणजे किशोरांसाठी 14 ते 19 वेगळे काढावे लागतात आणि 10 ते 13 ची मुलं हातीच लागत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची शालेय आरोग्य पाहणी 2013 आणि 2019 ची. तिचा डेटा संघटनेच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात भारांक (एक मूल किती मुलांच्या जागी मोजायचं तो आकडा), स्तर आणि समूह (नमुना कोणत्या गटांतून निवडला ते) असे तीन रकाने असतात, ते विश्लेषणात घेतलेच पाहिजेत. त्यात आईवडिलांपैकी कोण तंबाखू वापरतं आणि मोकळ्या वेळात मूल काय करतं हे त्यांना किती ठाऊक असतं, असे प्रश्न आहेत. 'जवळचे मित्र किती' हाही प्रश्न आहे, पण त्या आकड्यावरून मित्र काय करतात हे कळत नाही. त्याला 'संगत' म्हणून मॉडेलमध्ये घालणं ही नवख्यांची ठरलेली चूक. शिवाय पाहणी शाळेतली, म्हणजे नववीनंतर कारखान्यात गेलेला मुलगा त्यात नाहीच.

स्वतः प्रश्नावली करणार असाल तर भाषेपासून सावध राहा. व्हिएतनामी 'बान' म्हणजे मित्र, वर्गसोबतीही, आणि समवयस्काला उद्देशून 'तू' सुद्धा. त्यामुळे 'तुझे मित्र' हे 'बान कुआ बान' असं होतं आणि मूल अख्खा वर्ग डोळ्यासमोर आणतं. 'बान थान', म्हणजे जिवलग, असं विचारा आणि पाचापर्यंतच मोजा. मुलाखत घेणारा मुलाला 'एम' म्हणतो, म्हणजे धाकटं भावंड. आपल्याकडे 'दादा'समोर सिगारेटचं कबूल करायला जीभ जितकी अडखळते, तितकीच तिथेही. नाजूक प्रश्न कागदावर किंवा हेडफोन लावून टॅबवर ठेवा. 'सामाजिक दुर्गुण' हा सरकारी शब्द वेश्याव्यवसाय, जुगार, अमली पदार्थ सगळ्यांना एका टोपलीत भरतो. तो शीर्षकात आला की उत्तरं साफसूफ होऊन येतात.

शाळेत याहून मोठा अडथळा 'थी दुआ', म्हणजे चढाओढ, हा. वर्गावर्गांत गुणांची चढाओढ असते. लाल पट्टी बांधलेले 'साओ दो' विद्यार्थी उशीर, गणवेश, बेशिस्त टिपतात आणि अख्ख्या वर्गाचे गुण कापले जातात. अशा वर्गात 'गेल्या 30 दिवसांत प्यायलास का' याचं खरं उत्तर मुलाला आपल्यापुरतं वाटत नाही, वर्गाचे गुण जातील असं वाटतं. वर्गशिक्षक वर्गाबाहेर हवेत, बाकांवर एकाआड एक जागा हवी, आणि भरलेले कागद मुलांनी स्वतः बंद पेटीत टाकावेत. वर्गमॉनिटरला गोळा करायला लावलंत तर सगळं मुसळ केरात.

दारूबद्दल थोडं सविस्तर. पहिला घोट बऱ्याचदा घरातच मिळतो: तेतला, म्हणजे चांद्र नववर्षाला, किंवा पूर्वजांच्या पुण्यतिथीच्या जेवणात, काकामामांच्या हातून. वडीलधाऱ्याचा पेला नाकारणं म्हणजे त्यांचा मान न ठेवणं. म्हणून 'कुटुंब हे कवच' हे गृहीतक इथे दोन्हीकडून कापतं. 'किती प्यायलास' सोबत 'मागच्या वेळी पेला कोणी भरला' हेही विचारा. 'एक पेग' कोणालाच कळत नाही. 330 मिलिलिटरच्या 5 टक्क्यांच्या बिअरच्या कॅनमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, 40 टक्क्यांच्या दारूच्या 30 मिलिलिटर पेल्यात साधारण साडेनऊ. तांदळाच्या गावठी दारूची तीव्रता घरोघरी वेगळी, तेव्हा पेल्यांची चित्रं दाखवा. आणि तेतनंतरचा महिना टाळा, नाहीतर '30 दिवसां'त सणच मोजला जाईल.

हेल्मेटसाठी 'घालतोस का' पुरेसं नाही. 15 डिसेंबर 2007 पासून सक्ती असल्यामुळे 'हो' हे ठरलेलं उत्तर. पट्टा लावतोस का आणि गाडी कोणाची, हे विचारा.

आता हिशेब. 40 मुलांचा अख्खा वर्ग घेतला आणि वर्गातलं साम्य (एकाच वर्गातल्या मुलांची उत्तरं किती सारखी येतात ते) 0.05 धरलं, तर रचनेचा परिणाम, म्हणजे अख्खे वर्ग घेतल्यामुळे नमुन्याचं बळ किती पटीने घटतं तो आकडा, 1 + 39 × 0.05, म्हणजे 2.95. 1200 मुलांचं बळ 407 मुलांइतकंच उरतं. वर्ग वाढवा. एका वर्गातून जास्त मुलं घेऊन फारसं काही हाती लागत नाही.

संगत आणि निवड खरंच वेगळी करायची असेल तर तीच मुलं किमान दोनदा, जमल्यास तीनदा भेटायला हवीत, आणि मित्र कोण हे वर्गाच्या यादीतून संकेतांकांनी निवडायला सांगायला हवं. यासाठी दहावीसारखी जागा नाही. प्रवेशपरीक्षेमुळे नववीचे वर्ग फुटतात आणि सप्टेंबरमध्ये अनोळखी मुलं एकत्र येतात. पहिली फेरी पहिल्या काही आठवड्यांत घ्या, दुसरी पहिल्या सत्राच्या शेवटी, तिसरी मे महिन्यात, शाळा सुटण्याआधी. नववीत सुरुवात करून दहावीत पाठलाग करायचं ठरवलंत तर मैत्रीचं निम्मं जाळं हातचं निसटतं. नावं आणि संकेतांक जोडणारी यादी तिसऱ्या फेरीपर्यंतच ठेवायची, कुलपात, आणि ती कधी नष्ट होणार हे संमतिपत्रात लिहायचं.

जुन्या-नव्या फेऱ्या जोडताना नकाशा तपासा. ऑगस्ट 2008 मध्ये 'हा ताय' नावाचा प्रांत हनोईत विलीन झाला, त्यामुळे 2003 चं हनोई आणि नंतरचं हनोई एक नव्हेत. 1 जुलै 2025 पासून 63 प्रांतांचे 34 झाले आणि जिल्हा हा स्तरच गेला. जुनी नमुना-चौकट (नमुना ज्या यादीतून निवडायचा ती) 'जिल्हा, मग कम्यून (जिल्ह्याखालचं स्थानिक एकक)' अशी असेल तर ती कम्यूनच्या नव्या यादीवरून पुन्हा बांधावी लागते. शाळांच्या परवानगीचं पत्रही कोणत्या कार्यालयाच्या नावे लिहायचं, हे आधी फोनवर विचारून घ्या.