माळ्याचा जिना घरातच जोडून घेतला

खानापूरकडचं आमचं घर कौलारू. माळ्यावर जायचा लोखंडी जिना खालच्या पायरीपाशी तुटला. वरचं टोक भिंतीत गाडलेलं, म्हणजे काढून बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांकडे नेणं शक्यच नव्हतं. गावातल्या वेल्डरमामांना बोलावलं.

मामा रॉड लावणार तेवढ्यात आई म्हणाली, "मामा, वर भाताचं गवत आहे की!" झालं, अर्धा दिवस आवराआवरीत गेला. गवत खाली, सिलिंडर परड्यात, जमिनीवर ओली पोती आणि मागे पत्र्याचा आडोसा.

जिन्याच्या लोखंडी पाइपावर जस्ताचा मुलामा होता. तो तसाच तापवला तर पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून सांध्याजवळचं जस्त ग्राइंडरनं आधी खरवडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. अर्थिंगचा चिमटा मामा खिडकीच्या गजाला लावत होते. मी तो जिन्यालाच, सांध्याजवळ लावायला लावला. मशीन छोटं इन्व्हर्टरचं, २.५ मिमीचा रॉड, रॉडला ८० अँपिअर करंट. सॉकेट मात्र १६ अँपिअरचंच घेतलं.

काम वीस मिनिटांचं. मामा चहा पिऊन गेलेही. मी तासभर तिथेच बसून राहिलो, बायको हसत होती. चाळीसेक मिनिटांनी करपट वास आला: उंबरठ्याच्या फटीतला भुसा आतल्या आत धुमसत होता. तांब्याभर पाणी ओतलं.

वेल्डिंग चालू असताना पुतण्यानं काळ्या काचेशिवाय डोकावलं होतं. रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं म्हणत रडला. सकाळी डॉक्टरांकडे नेलं.