कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी निधी कसा मिळवावा

तालुक्याच्या गावी चालणाऱ्या संस्थेत चार-सहा माणसं असतात. हिशेब लिहिणारी ताईच बचत गटांच्या बैठका घेते आणि बालवाडीची सेविका सुट्टीवर गेली की तिथेही उभी राहते. अशा संस्थेला वह्या-पुस्तकांसाठी देणगीदार मिळतो, पण त्या ताईंना टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा समुपदेशन शिकायला पैसे मागितले की ‘तो खर्च तुमचा तुम्ही बघा’ असं उत्तर येतं. यात देणगीदाराचा दोष आहेच. पण प्रस्तावात ‘क्षमता बांधणी – ५०,००० रुपये’ एवढी एकच ओळ असेल, तर नाही म्हणणं त्याला फार सोपं जातं.

१. आधी अडलेलं काम शोधा

कोणता कोर्स करायचा इथून सुरुवात करू नका. गेल्या वर्षी काय अडलं ते सगळ्यांनी मिळून बसून लिहून काढा. ऑडिट रखडलं? किशोरी मुलींच्या बैठकीत हिंसेचा विषय निघाला आणि पुढे काय करायचं ते ताईंना सुचलं नाही? यातली दोनच निवडा. या बैठकीत संस्थाचालकांनी कमी बोलावं. गावात रोज फिरणाऱ्यांना अडचण जास्त नेमकी माहीत असते.

२. कागद तपासा

संस्थेची नोंदणी, धर्मादाय कार्यालयात दाखल केलेले लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्त बदलले असतील तर त्याचा बदल अर्ज, पॅन, बारा-ए आणि ऐंशी-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, हे एका फाइलीत ठेवा. कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कायद्याने समाजकार्यावर खर्चायची रक्कम, हवा असेल तर सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. २०२१ पासून ते बंधनकारक आहे. शिवाय अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही लागतो. नव्या संस्थेने या दारात वेळ घालवू नये.

३. पैसा कोणता, त्यावर मागणी ठरते

२०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. हे काम कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या विषयांत बसावं लागतं. म्हणून ‘कर्मचारी प्रशिक्षण’ असा वेगळा प्रकल्प मांडण्यापेक्षा आरोग्य किंवा शिक्षणाच्या प्रकल्पातच ते काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण घाला. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर नम्रपणे दुरुस्त करा: ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या खर्चाला आहे.

परदेशी निधीचं गणित निराळं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीने या निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि हा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद झालं. त्यामुळे मोठी संस्था तुम्हाला त्यातली रक्कम देऊ शकत नाही. मात्र स्वतः शिबिर घेऊन त्यात तुमच्या माणसांना बसवू शकते. तेव्हा तिच्याकडे पैसे न मागता जागा मागा. चेंबूरच्या कोरो या संस्थेची तळागाळातल्या नेतृत्वासाठीची फेलोशिप आहे, सामुदायिक आरोग्यासाठी जामखेडची प्रशिक्षण संस्था आहे. आपल्या विषयात असं कोण शिकवतं, ते धनादेश शोधण्याआधी बघा.

४. अंदाजपत्रक: खरी लढाई इथे

बहुतेक संस्था फक्त कोर्सचं शुल्क लिहितात. मग प्रवास पगारातून जातो, नाहीतर ताई जातच नाहीत. कारण घरी लहान मूल आहे, किंवा पाच दिवस बालवाडी बंद ठेवता येत नाही. हे खर्च लपवायचे नाहीत, ठळक लिहायचे. दोन जणींच्या पाच दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाचा हा काल्पनिक नमुना:

शुल्क, राहणं-जेवणासह: १२,००० रुपये
प्रवास: ३,००० रुपये
दोघींच्या जागी काम करणाऱ्यांचं मानधन: ६,००० रुपये
मुलासोबत येणाऱ्या नातेवाइकाचा खर्च: ३,००० रुपये
परतल्यावर प्रशिक्षकाच्या दोन भेटी: ७,००० रुपये
एकूण: ३१,००० रुपये

शुल्क अर्ध्याहूनही कमी आहे, बघा. शेवटच्या ओळीला हमखास कात्री लागते, पण तिच्यासाठी भांडा. शिबिरात ऐकलेलं प्रत्यक्ष कामात उतरताना प्रश्न पडतात, आणि विचारायला कोणी नसलं की सगळं वहीतच राहतं. रक्कम कमीच करावी लागली तर दोघींऐवजी एकीला पाठवा, ती ओळ मात्र ठेवा.

५. प्रस्ताव दोन पानांत

काय अडलंय, कोण शिकणार, कुठे, किती दिवस, आणि सहा महिन्यांनी कामात काय वेगळं दिसेल, एवढं पुरे. ‘कार्यकर्त्यांचे सक्षमीकरण होईल’ असलं वाक्य नको. ‘हिशेब दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पूर्ण होतील’ असं लिहा, म्हणजे तपासता येतं. सोबत विश्वस्तांचा ठराव जोडा. मार्चअखेर घाईत शिल्लक रक्कम मागण्यापेक्षा पुढच्या वर्षाची अंदाजपत्रकं ठरण्याआधी गाठणं बरं.

शिकून माणूस सोडून गेला तर, हा प्रश्न येणारच. त्यासाठी बाँड लिहून घेऊ नका, प्रमाणपत्र अडकवून तर मुळीच ठेवू नका. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या माणसाला बांधून ठेवण्याचा तो प्रकार आहे. त्याऐवजी, परतल्यावर तिने महिन्याभरात बाकीच्यांना दोन सत्रांत शिकवायचं आणि टिपणं कार्यालयात ठेवायची, असं प्रस्तावातच नमूद करा.

६. पैसे आल्यावर

या निधीचा हिशेब वेगळ्या खात्यावर लिहा. एसटीची तिकिटं, पावत्या, हजेरीची प्रत त्याच दिवशी फाइलीला लावा. निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं विनियोग प्रमाणपत्र देताना सीए नेमकं हेच मागतात. कोर्स रद्द झाला किंवा प्रवासातले पैसे उरले, तर ते दुसरीकडे वळवण्याआधी देणगीदाराला ईमेल करून लेखी होकार घ्या. फोनवरचं ‘चालेल’ ऑडिटच्या वेळी उपयोगी पडत नाही.